मगनवाडीचा विश्वासू कारभारी
(श्री. जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा यांचे चरित्र)

प्रभू येशू ख्रिस्त पुन्हा येणार आहे आणि तो जिवंतांचा व मृतांचा न्याय करणार आहे, ही गोष्ट आपण दर रविवारी विश्वासांगीकारात मोठ्याने कबूल करतो. आगमनकाळाचे आठवडे तर ह्याच एका आशेस वाहिलेले असतात. परंतु देवळाची पायरी उतरून बाजाराच्या रस्त्यास लागल्यावर त्या कबुलीचा आपल्या व्यवहाराशी काय संबंध उरतो, असा प्रश्न कोणी केल्यास उत्तर देताना आपली जीभ अडखळेल. ही अडचण आजची नव्हे. संत पौलाच्या काळी थेस्सलनीका नगरातील काही ख्रिस्ती मंडळींनी, प्रभू आता येणारच, मग कामधंदा कशास करावा, अशा समजुतीने हातावर हात ठेवून बसण्याचा प्रघात पाडला होता. आणि ज्यास काम नको त्याने अन्नाचीही अपेक्षा करू नये, असे त्या प्रेषितास कडक शब्दांत लिहून कळवावे लागले.

प्रभूने आपल्या पुनरागमनाविषयी जे दाखले दिले त्यांत चाकर व कारभारी वारंवार येतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. धनी लग्नाहून परतेपर्यंत कंबर कसून व दिवे पेटते ठेवून जागणारे चाकर, घरच्या माणसांस वेळच्या वेळी धान्य मोजून देणारा कारभारी, सोपविलेल्या द्रव्याचा हिशेब देण्यास उभे राहिलेले दास, ही सारी मंडळी कामात गढलेली आहेत. धन्याच्या गैरहजेरीत त्याच्या घरचा कोणी उपाशी राहू नये आणि वही केव्हाही उघडली तरी लाजेने मान खाली घालावी लागू नये, एवढीच त्यांची वाट पाहण्याची रीत.

असा एक कारभारी आपल्या वर्धा गावात दीड तपाहून अधिक काळ राहून गेला. पेशाने तो खरोखरीच हिशेबतपासनीस होता. श्री. जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा हे त्याचे नाव. ज्युबिलीच्या स्मरणिकेत संतांची आणि दूरदेशाहून आलेल्या धर्मगुरूंची चरित्रे वाचावयाची आपणांस सवय आहे. कुमारप्पा कॅथलिक नव्हते. ते प्रॉटेस्टंट घराण्यात जन्मले आणि कोणत्याही पंथाच्या धर्माधिकाऱ्यांपुढे मान तुकविण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. तरीही ज्या गावात आपण राहतो त्याच गावात, ज्या रस्त्यांनी आपण मिस्सेस जातो त्याच रस्त्यांवरून, ख्रिस्ताचे नाव न लपविता व त्याचा बाजार न मांडता एक मनुष्य इतकी वर्षे राबला, आणि आपल्या तरुण मंडळींस त्याचे नावही धड ठाऊक नसावे, हे आपणांस शोभत नाही. म्हणून हे चरित्र येथे दिले आहे.

सन १८९२ च्या जानेवारीच्या ४ तारखेस तंजावर येथे त्यांचा जन्म झाला. मराठी वाचकास तंजावर परके नाही. व्यंकोजीराजांच्या वंशाने तेथे सुमारे पावणेदोनशे वर्षे राज्य केले. घराणे तमिळ ख्रिस्ती, वडील मद्रास सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरीस, आई अत्यंत धर्मनिष्ठ. घरातील आडनाव त्या वेळी कॉर्नेलियस असे होते. कुमारप्पा हे पूर्वजांचे नाव त्यांनी व त्यांच्या बंधूंनी पुढे पुन्हा धारण केले. त्या काळच्या सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबांप्रमाणे ह्या घरातही इंग्रजी रीतीभातींचा वरचष्मा होता. मुलाने विलायतेस जाऊन शिकावे, चांगल्या पगारावर लागावे, साहेबी पोशाख करावा, ह्यापलीकडे फारशी महत्त्वाकांक्षा कोणी बाळगलेली दिसत नाही. जोसेफ लंडनला गेले, हिशेबतपासणीची परीक्षा उतरले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथेच काम करीत राहिले. आईच्या आग्रहावरून ते १९१९ साली स्वदेशी परतले व मुंबईत त्यांनी आपला व्यवसाय थाटला. व्यवसाय उत्तम चालला. येथवर पाहता त्यांचे चरित्र लिहावे असे त्यांत काही नव्हते.

वयाच्या पस्तिशीनंतर ते अमेरिकेस गेले. प्रथम सिराक्यूस येथील विद्यापीठात व नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अभ्यास केला. तेथे सेलिग्मन नावाचे सार्वजनिक अर्थकारणाचे विख्यात पंडित त्यांस गुरू लाभले. हिंदुस्थान दरिद्री का, ह्या विषयावर कुमारप्पांनी एका चर्चमध्ये व्याख्यान दिले होते; त्याचा वृत्तांत छापून आला व गुरूंनी सुचविले की हाच प्रश्न सरकारच्या जमाखर्चाच्या आधारे तपासून पाहावा. हिशेबतपासनीसाच्या हाती एका साम्राज्याची वही आली. ती चाळता चाळता त्यांस दिसले की रयतेकडून गोळा झालेला पैसा फौजेवर, व्याजावर आणि विलायतेस धाडावयाच्या रकमांवर उडतो आणि ज्याच्या घामातून तो निघाला त्याच्या वाट्यास जवळजवळ काहीच परत येत नाही. शुभवर्तमानात एक कारभारी आहे. धनी येण्यास उशीर लावीत आहे असे पाहून तो सोबतच्या दासदासींस मारू लागतो आणि स्वतः खाऊनपिऊन मस्त होतो. हे निबंधाचे काम चालू असता कुमारप्पांस तो कारभारी आठवला असेल की नाही ते कोण जाणे. वाचणाऱ्यास मात्र तो आठवल्यावाचून राहत नाही.

तो निबंध छापावा म्हणून खटपट करीत असता त्यांची गांधीजींशी गाठ पडली. तारीख होती १९२९ च्या मे महिन्याची ९ वी. साबरमतीच्या आश्रमात ते रेशमी सूट व हातात काठी अशा थाटात गेले. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर एक वृद्ध गृहस्थ चरखा चालवीत बसले होते. भेटीच्या वेळेस अवकाश होता म्हणून कुमारप्पा काठीवर भार देऊन त्यांच्याकडे पाहत उभे राहिले. काही मिनिटांनी त्या गृहस्थांनी घड्याळ काढून पाहिले व आपणच कुमारप्पा का, असे विचारले. तेव्हा ह्यांस उमगले की समोर कोण बसले आहे. आणि त्या किमती पोशाखाची पर्वा न करता ते तसेच जमिनीवर बसले. गांधीजींनी निबंध आपल्या 'यंग इंडिया' पत्रात क्रमशः छापण्याचे कबूल केले व जोडीला एक काम सोपविले. गुजरातेतील खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करावयाची होती. ह्यांस गुजराती येत नव्हते, खेड्यात पाऊल टाकलेले नव्हते. तरी विद्यापीठाचे विद्यार्थी सोबत घेऊन त्यांनी पन्नासांहून अधिक गावांचा घरोघर फिरून तपास केला. त्या पाहणीने त्यांचा जन्म पालटला असे म्हणण्यास हरकत नाही. आकड्यांमागे माणसे असतात हे त्यांस तोवर पुस्तकांतून ठाऊक होते. आता त्यांनी त्यांच्या ओट्यावर बसून ते पाहिले. मुंबईचा व्यवसाय सुटला, सूट गेला, अंगावर खादी आली. विवाह त्यांनी केलाच नाही.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू होऊन गांधीजी पकडले गेले, तेव्हा 'यंग इंडिया'चा भार कुमारप्पांवर आला व त्यापायी त्यांस तुरुंगाचीही वाट धरावी लागली. ह्याच काळात त्यांचा त्या वेळचे अँग्लिकन पंथाचे मुख्य बिशप फॉस वेस्टकॉट यांच्याशी प्रसिद्ध वाद झाला. देशातील ख्रिस्ती उपदेशकांनी व मिशनऱ्यांनी अहिंसेच्या बाजूने उभे राहावे, शांततेने चाललेल्या लोकांवर लाठ्या पडत असता मूग गिळून बसू नये, असे आवाहन कुमारप्पांनी केले होते. कायदेभंग हा ख्रिस्ताच्या शिकवणीस धरून नाही, असे बिशपांचे म्हणणे पडले. त्यावर कुमारप्पांनी शुभवर्तमानाच्याच आधाराने विस्तृत उत्तर दिले. उत्तरातील भाषा तिखट होती. नम्रता हा गुण त्यांच्या अंगी थोडा कमीच होता, असे त्यांच्यावर प्रेम करणारेही सांगत. परंतु त्या वेळी हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती माणसापुढे खरोखर एक संकट उभे होते. शेजारी त्यास सरकारचा माणूस समजत होते आणि पुष्कळ चर्चमधून त्यास राजनिष्ठेचाच उपदेश मिळत होता. ख्रिस्ताचे शिष्य होण्यासाठी परकीय राज्याचे शिष्य व्हावे लागत नाही, हे कोणीतरी आपल्या देहाने दाखविणे जरूर होते. कुमारप्पांनी ते तुरुंगात जाऊन दाखविले.

१९३४ च्या जानेवारीत १५ तारखेस बिहारात भयंकर भूकंप झाला. बाबू राजेंद्रप्रसादांच्या देखरेखीखाली मदतीचे काम सुरू झाले व जमलेल्या निधीचा हिशेब कुमारप्पांकडे आला. तेथील एक हकीकत अनेकांनी सांगितली आहे. स्वयंसेवकांच्या जेवणखर्चासाठी त्यांनी दररोज तीन आण्यांची मर्यादा घालून दिली होती. मग गांधीजी आपल्या मंडळींसह पाटण्यास आले. त्यांच्या आहारात दूध, फळे, सुकामेवा असे, आणि तीन आण्यांत ते बसण्याजोगे नव्हते. कुमारप्पांनी स्पष्ट कळविले की हा पैसा भूकंपग्रस्तांचा आहे, महात्माजींच्या मंडळींचा वाढीव खर्च त्यातून निघणार नाही, त्यांनी तो दुसरीकडून भागवावा. गांधीजींनी बोलावून विचारले तेव्हाही त्यांनी आपले म्हणणे बदलले नाही, आणि गांधीजींनी ते मान्य केले. ज्यास आपण गुरू मानतो त्याच्या ताटातील द्राक्षांचा हिशेब मागणे सोपे नसते. आपल्या धर्मग्रामाच्या समित्यांत ज्यांच्याकडे वर्गणीची पेटी असते त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, एवढे येथे सुचवून ठेवतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस कुमारप्पा वर्ध्यास आले. मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ठराव होऊन १९३४ च्या डिसेंबरच्या १४ तारखेस वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष व कुमारप्पा चिटणीस झाले. शेठ जमनालाल बजाज यांनी आपली संत्र्यांची बाग व त्यातील घर संघास देऊन टाकले. गांधीजींचे पुतणे मगनलाल यांच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी असे नाव पडले. गांधीजी स्वतः शेगावास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, राहावयास जाण्यापूर्वी वर्षाहून अधिक काळ मगनवाडीतच होते. कुमारप्पांचे बंधू भारतन हेही पुढे येथेच कामास लागले. १९३८ च्या डिसेंबरच्या ३० तारखेस गांधीजींच्या हस्ते येथे मगन संग्रहालय उघडले गेले. ते आजही उभे आहे, आणि मगनवाडीच्या आवारात ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था चालते. आपल्यापैकी किती जण आत जाऊन आले आहेत, हा प्रश्न विचारावा की नाही?

मगनवाडीत काय चाले हे थोडे विस्ताराने सांगावयास हवे, कारण कुमारप्पांचा धर्म पाहावयाचा असल्यास तो तेथेच पाहावा लागतो. तेलाच्या गिरण्या निघाल्यापासून गावोगावचे तेली बसले होते. मगनवाडीत घाण्याची रचना सुधारण्याचे प्रयोग झाले. त्यांतून निघालेली वर्धा घाणी पुढे देशभर ओळखली जाऊ लागली. घाण्याचे तेल गावात राही, पेंड गावच्या गुरांच्या पोटात जाई, आणि तेल्याची मजुरी गावच्याच बाजारात खर्च होई. गिरणीत भात पांढरेशुभ्र केले की त्याचा कोंडा व त्याबरोबर पोषक अंश निघून जातो. म्हणून हातसडीच्या तांदळाचा प्रचार केला गेला. जात्याच्या पिठाचा, गुळाचा, ताडगुळाचा, मधमाश्या पाळण्याचा असाच उद्योग चाले. हातकागद तेथे तयार होई, आणि संघाचे मासिक 'ग्रामउद्योग पत्रिका' व कुमारप्पांची पुस्तके हातकागदावर छापली जात. घरच्या बाईच्या डोळ्यांत धूर जाऊ नये अशी चूल त्यांनी बनविली. परदेशी घासलेटावाचून गावच्या तेलावर जळणारा एक कंदील बनविला, त्यास मगनदीप म्हणत. पेटते दिवे घेऊन धन्याची वाट पाहणाऱ्या चाकरांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. दिव्यात तेल कोणाचे आणि त्याचे पैसे कोठे गेले, हा प्रश्न ती ऐकताना आपल्या मनात सहसा येत नाही. कुमारप्पांच्या मनात तो नेहमी येई.

हा प्रश्न ते फार दूरवर नेत. पेलाभर कोको पिणाऱ्याने, तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कोणाकडून सक्तीने पिकवून घेतला आहे आणि कोणत्या अन्यायातून आपल्यापर्यंत पोहोचला आहे, ह्याची चौकशी केली पाहिजे. चौकशी न करता जो विकत घेतो तो त्या पापाचा भागीदार होतो, अशी त्यांची शिकवण होती. ज्याची चौकशी आपणांस करता येण्यासारखी आहे अशा जवळच्या माणसाच्या हातचा माल घ्यावा, हा त्यांच्या ग्रामोद्योगाचा पाया. पापस्वीकारास जाताना आपण विवेकबुद्धीची तपासणी करतो. बाजाराची पिशवी त्या तपासणीतून आपण आजवर सुखाने वगळत आलो आहोत.

१९३८-३९ साली मध्यप्रांत सरकारच्या सांगण्यावरून त्यांनी ह्या प्रांतातील सहाशेहून अधिक गावांच्या उद्योगधंद्यांची पाहणी करविली. पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय नियोजन समितीत त्यांस घेतले होते, परंतु मोठ्या कारखान्यांवर तिचा भर पाहून ते काही महिन्यांतच तेथून बाहेर पडले. शेतीविषयी त्यांचे म्हणणे असे होते की एका प्रदेशातील लोकांस वर्षभर सकस अन्न पुरेल एवढी जमीन प्रथम अन्नास द्यावी, मग कापडास लागेल तेवढी कापसास, आणि बाजारासाठी पीक काढावयाचे ते ह्यानंतर. एक लाख वस्तीस कोणत्या पिकाची किती जमीन हवी ह्याचा तक्ताही त्यांनी मांडून ठेवला होता. कापसावर साऱ्या वर्षाची आशा लावून बसलेल्या वऱ्हाडात व वर्ध्याच्या काळ्या जमिनीत हे म्हणणे मानवले नाही. २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांस विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत आपला जिल्हा होता. कुमारप्पांचे ऐकले असते तर हे टळले असते, असे ठामपणे म्हणण्याचे धाडस मी करीत नाही. तो तक्ता पुन्हा काढून पाहावयास मात्र कोणाची हरकत नसावी.

दुसऱ्या महायुद्धात सरकार कागदी नोटा छापून खेड्यांतील धान्य व माल उचलू लागले. गावातून दाणा जाई आणि शेतकऱ्याच्या हाती कागद उरे. कुमारप्पांनी पत्रिकेत त्यावर लेख लिहिला व त्याचे नाव शुभवर्तमानातून घेतले: भाकरी मागणाऱ्या मुलाच्या हातावर धोंडा ठेवणारा बाप कोण असेल, असे प्रभूने विचारले आहे, त्यातील भाकरी व धोंडा. सरकारास तो रुचला नाही. १९४२ च्या चळवळीनंतर त्यांस पुन्हा अटक झाली व जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ काढला. तेथे प्रकृती खालावली. १९४५ साली सुटका झाली. ह्याच तुरुंगात त्यांची प्रसिद्ध पुस्तके लिहिली गेली.

त्यांतील 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' ह्या ग्रंथात त्यांनी सृष्टीकडे पाहून माणसाच्या व्यवहाराच्या पायऱ्या लावल्या आहेत. दुसऱ्यास मारून त्याच्यावर जगणारे बांडगूळ ही सर्वांत खालची पायरी. मग बागेतली आयती फळे ओरबाडणारे माकड. त्यावर स्वतः कष्टून घरटे बांधणारा पक्षी. त्याहून वर साऱ्या पोळ्यासाठी मध साठविणारी मधमाशी. आणि सर्वांत वर, काहीही परत मिळण्याची अपेक्षा न धरता पिलांच्या चोचीत घास घालणारी पक्षीण. ती शेवटची पायरी सेवेची. खाणीतील कोळसा व तेल हे साठे संपणारे आहेत, त्यांवर उभारलेला संसार टिकावयाचा नाही, हेही त्यांनी १९४५ सालीच सांगून ठेवले. शूमाखर ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात कुमारप्पांचा आधार घेतला. परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीच्या जतनाविषयी जे परिपत्रक काढले, ते वाचताना मगनवाडीची आठवण होणाऱ्यास दोष देता येणार नाही.

दुसरे पुस्तक प्रभू येशूच्या आचारावर व उपदेशावर आहे. त्यास गांधीजींनी प्रस्तावना लिहिली. ग्रामोद्योगाचे आचार्य ही पदवी त्यांनी कुमारप्पांस देऊन ठेवली होतीच, त्यात आता ईश्वरशास्त्राच्या आचार्यपदाची भर घातली. कॅथलिक वाचकाने हे पुस्तक जरूर वाचावे, पण डोळे उघडे ठेवून वाचावे. कुमारप्पांचा येशू हा चालण्याबोलण्याचा, कष्टाचा, गरिबांच्या पंगतीचा आहे. तो वाचून अंगावर काटा येतो. परंतु ख्रिस्तसभा, तिचे संस्कार आणि प्रेषितांपासून आलेली तिची परंपरा ह्यांविषयी त्यांस पुरेसा आदर वाटत होता असे दिसत नाही. संघटित चर्चवर त्यांनी जे कोरडे ओढले त्यांतील काही आपण मुकाट्याने सोसावेत असे आहेत, काही मात्र एकांगी आहेत. ज्या पवित्र भाकरीने आपण जगतो तिच्यावाचून सेवेचे बळ कोठून आणावयाचे, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पुस्तकांत मला सापडले नाही. तथापि एक गोष्ट येथे न्यायबुद्धीने लिहिली पाहिजे. नव्या पृथ्वीची वाट पाहत असता ह्या पृथ्वीची काळजी ढिली पडता कामा नये, उलट ती अधिकच वाढली पाहिजे, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली आपल्या आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजात शिकविले. कुमारप्पा त्याआधी पाच वर्षांपूर्वीच निवर्तले होते. महासभेने जे शिकविले त्यातले पुष्कळसे त्यांनी मगनवाडीत करून ठेवले होते.

स्वराज्य आल्यावर काँग्रेसने नेमलेल्या जमीनसुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. १९४९ साली समितीने अहवाल दिला. कसणाऱ्यास जमीन मिळावी आणि मधले मिरासदार जावेत, हे त्याचे सार. अधिकाराच्या खुर्च्यांजवळ ते होते, तरी त्यांवर बसण्याची हौस त्यांस नव्हती. दिल्लीच्या नव्या राज्यकर्त्यांवरही ते पूर्वीच्याच परखडपणे लिहीत, व त्यामुळे हळूहळू एकटे पडत गेले. १९५० च्या सुमारास त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील सेलडोह येथे पन्नई आश्रम काढला. पन्नई म्हणजे तमिळ भाषेत शेत. समतोल शेतीचा आपला तक्ता मातीत उतरवून पाहावा ही त्यांची इच्छा होती. वय साठीस टेकलेले, रक्तदाब वाढलेला, अंगी पूर्वीची ताकद नाही. तो प्रयोग त्यांस फार काळ चालविता आला नाही. चीन व रशिया हे देश त्यांनी पाहून घेतले. मग प्रकृतीसाठी ते तमिळ मुलखात, मदुराईजवळच्या टी. कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमात, जाऊन राहिले.

तेथील त्यांच्या खोलीत भिंतीवर दोन चित्रे होती असे सांगतात. एक गांधीजींचे, दुसरे एका गरीब खेडुताचे. भेटावयास आलेल्या माणसास ते पहिले चित्र आपल्या धन्याचे म्हणून दाखवीत आणि दुसरे आपल्या धन्याच्या धन्याचे म्हणून. १९६० साली मद्रासच्या इस्पितळात त्यांचे देहावसान झाले. तारीख जानेवारीची ३० वी होती; गांधीजींस जाऊन त्या दिवशी बारा वर्षे पूर्ण झाली होती.